मैदानावरचा प्राध्यापक : अमॉस अलोन्झो स्टॅग

तालमीतल्या वस्तादाविषयी आपल्या समाजात आदर पुष्कळ आहे. शागीर्द त्याच्या पायांवर डोके ठेवतो, जत्रेच्या फडात गावकरी त्याला पुढची जागा देतात आणि संस्थानी काळात तर एखादा राजा त्याला खुराक बांधून देत असे. परंतु विद्यापीठाच्या व्यवस्थेत त्याचे स्थान कोणते, असा प्रश्न निघाला की आपण अडखळतो. गणिताचा किंवा संस्कृतचा प्राध्यापक ज्या सभेत बसतो, त्या सभेत खेळ शिकविणाऱ्याने बसावे काय? खेळ हा शिक्षणाचा भाग मानावा, की शिक्षण आटोपल्यावर उरलेल्या वेळेची करमणूक? या प्रश्नाचे एक स्पष्ट उत्तर अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने १८९२ साली दिले आणि पुढे चाळीस-सत्तेचाळीस वर्षांनी तितक्याच स्पष्टपणे ते मागे घेतले. ज्या एका माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही उत्तरे सामावली, त्या अमॉस अलोन्झो स्टॅग यांच्या कारकिर्दीचा हा मागोवा आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा, पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ, मध्ये एक लंबगोल चेंडू. तो हाती धरून धावावयाचे आणि प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे न्यावयाचा. प्रतिपक्षाने धावणाऱ्याला पकडून भुईवर लोळवावयाचे, असा तो अंगमेहनतीचा आणि धसमुसळा खेळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तेथील महाविद्यालयांतच जन्मला आणि वाढला. त्यामुळे त्याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी अमेरिकन उच्च शिक्षणाचा इतिहास आहे.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील जोडे शिवण्याचे काम करीत आणि पडेल ती मजुरीही करीत. घरात आठ मुले आणि मिळकत तुटपुंजी. अशा घरातील मुलगा येल विद्यापीठात पोचला तो धर्मोपदेशक होण्याच्या आकांक्षेने. तेथील पहिले दिवस त्यांनी अर्धपोटी काढले. परंतु बेसबॉलमध्ये गोलंदाज म्हणून त्यांनी असे नाव मिळविले की व्यावसायिक संघांकडून त्यांना मागण्या येऊ लागल्या. त्या सर्व त्यांनी नाकारल्या. व्यावसायिक खेळाभोवती त्या काळी दारूचे आणि जुगाराचे वातावरण होते व पैशासाठी खेळणे हा खेळाचा अधःपात आहे अशी त्यांची श्रद्धा होती. १८८८ मध्ये येलच्या ज्या फुटबॉल संघात ते खेळले, त्या संघाने संपूर्ण हंगामात प्रतिपक्षाला एकही गुण मिळू दिला नाही. पुढच्याच वर्षी देशभरातील उत्तम खेळाडूंची पहिली 'अखिल अमेरिकन' यादी निघाली, तीतही त्यांचे नाव होते.

धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू असतानाच त्यांना आपली एक उणीव कळून चुकली. व्यासपीठावर उभे राहिले की त्यांना बोलता येत नसे. प्रवचन हाच ज्याचा व्यवसाय व्हावयाचा, त्याच्या दृष्टीने ही मोठीच अडचण. आपल्याला तरुणांना जे सांगावयाचे आहे ते शब्दांनी नव्हे, मैदानावर सांगता येईल, या विचाराने त्यांनी १८९० मध्ये स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयाची वाट धरली. त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा या निर्णयात आहे. प्रशिक्षकाचे काम त्यांनी उपजीविका म्हणून पत्करले नव्हते. उपदेशकाचेच व्रत त्यांनी वेगळ्या वेषात घेतले होते.

स्प्रिंगफील्डला त्यांच्या फुटबॉल संघात जेम्स नायस्मिथ नावाचा एक कॅनडीयन तरुण खेळत असे. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडत असताना विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम या नायस्मिथांवर सोपविण्यात आले आणि डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकून व तेरा नियम लिहून बास्केटबॉल हा खेळ सिद्ध केला. ११ मार्च १८९२ रोजी त्याचा पहिला जाहीर सामना शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात झाला. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरविले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा होता. एका नव्या खेळाच्या जन्माला असे साक्षी राहण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

त्याच सुमारास जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून शिकागो येथे एक नवे विद्यापीठ उभे राहत होते. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित असून येलमध्ये स्टॅग त्यांच्या वर्गात बसलेले होते. हार्पर यांनी जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि वेतन वाढवीत वाढवीत अखेर २५०० डॉलर व सहयोगी प्राध्यापकाचे कायम पद देऊ केले. आकड्यापेक्षा पद महत्त्वाचे होते. तोवर महाविद्यालयीन संघांना शिकविणारे लोक म्हणजे एखाद्या हंगामापुरते येणारे माजी खेळाडू असत. त्यांची नेमणूक बहुधा विद्यार्थीच करीत आणि हरले तर निरोपही देत. शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र विभाग, त्याचा प्रमुख हा अध्यापकवर्गातील एक, आणि त्याची नोकरी सामन्याच्या निकालावर अवलंबून नाही, ही कल्पना अगदी नवी होती. स्टॅग यांना तीत आपल्या व्रताला मिळालेली मान्यता दिसली.

१ ऑक्टोबर १८९२ रोजी विद्यापीठ सुरू झाले. सरावाला आलेले विद्यार्थी इतके मोजके होते, की तिशीतले प्राध्यापक स्वतःच संघात उतरून खेळले. त्या काळी नियमांची त्याला आडकाठी नव्हती. पुढच्याच वर्षी विद्यापीठालगतच्या 'मिडवे' या पट्ट्यावर जागतिक प्रदर्शनातील प्रचंड फिरते चाक उभे राहिले आणि त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी आपली कीर्ती प्रस्थापित केली. १८९३ चे शिकागो आपल्या वाचकांना माहीत आहे ते या कारणाने. त्या वर्षी त्याच शहरात हा धर्मोपदेशकीला मुकलेला तरुण मार्शल फील्ड या व्यापाऱ्याच्या जमिनीवर मैदान आखीत होता, ही नोंद आपल्याकडे कोणी केली असल्यास आमच्या पाहण्यात नाही. पुढे या मैदानाला स्टॅग यांचेच नाव मिळाले.

त्यांनी केलेले पहिले मोठे काम म्हणजे खेळाला पाठ्यविषयाचे रूप देणे. हेन्री विल्यम्स यांच्यासह त्यांनी १८९३ मध्ये अमेरिकन फुटबॉलवर एक शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक डावपेच आकृतीने समजावून देणारा असा तो आरंभीचा ग्रंथ होय. खेळाडूने कोणत्या क्षणी कोठे असावे, चेंडू कोणाकडे असल्याचा भास व्हावा आणि प्रत्यक्षात तो कोणाकडे असावा, यांचा विचार त्यांनी बुद्धिबळाच्या पटासारखा केला. पकडीच्या सरावासाठी टांगलेले गोणपाटाचे बुजगावणे, बेसबॉलच्या फलंदाजीसाठी जाळीचा पिंजरा, खेळाडूंच्या पाठीवरचे क्रमांक अशा किती तरी गोष्टींचे जनकत्व त्यांच्याकडे दिले जाते. त्यांतील सर्वच श्रेय निर्विवाद आहे असे नव्हे. पण इतक्या गोष्टी एका माणसाच्या नावावर जमा व्हाव्यात, यावरूनच त्याच्या प्रभावाची कल्पना येते.

१८९४ मध्ये त्यांनी विद्यापीठातील विद्यार्थिनी स्टेला रॉबर्टसन यांच्याशी विवाह केला. ही बाई त्यांची खरोखरच सहकारिणी झाली. प्रतिपक्षाचे सामने पाहून त्यांचे डाव कागदावर टिपून आणणे, खेळांचे तक्ते तयार करणे ही कामे त्या दीर्घकाळ करीत राहिल्या. स्त्रियांनी प्रेक्षागारात शोभेपुरते बसावे असा तो काळ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. स्टॅग स्वतः दारू, तंबाखू आणि शिवीगाळ यांपासून दूर असत. रागाच्या भरात त्यांच्या तोंडून निघणारा सर्वांत कठोर शब्द 'गाढव' हा होता; चूक मोठी असली तर खेळाडू 'दुप्पट गाढव' ठरे आणि अक्षम्य असली तर 'तिप्पट'. शिष्यांनी ही पदवी पुढे अभिमानाने मिरविली. त्यांच्या शिष्यांपैकी जेसी हार्पर हे नोत्र दाम विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली नूट रॉकनी हे पुढे विख्यात झालेले नाव तयार झाले. आपल्या गायनातील घराण्यांप्रमाणे तेथे खेळाची परंपरा या गुरूपासून फुटत गेली.

बास्केटबॉलचा धागाही त्यांनी सोडला नाही. जानेवारी १८९६ मध्ये आयोवा सिटी येथे शिकागोच्या संघाने आयोवाच्या विद्यार्थ्यांना १५-१२ असे हरविले. पाच-पाच खेळाडूंचा पहिला महाविद्यालयीन सामना म्हणून तो गणला जातो. तोवर एका बाजूला नऊ-नऊ खेळाडूही असत. आजचा पाचांचा दंडक रुजला त्याचा एक टप्पा येथे आहे. १९१७ मध्ये त्यांनी माध्यमिक शाळांसाठी अखिल राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा विद्यापीठाच्या आवारात सुरू केली व ती दशकाहून अधिक काळ चालली. १९२०-२१ च्या हंगामात विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची धुराही त्यांनी एकवार सांभाळली आणि वीसपैकी चौदा सामने जिंकले. हा खेळ रुजविण्यात त्यांचा जो वाटा होता त्याची दखल म्हणून १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या सन्मानमंदिरात प्रथम निवडलेल्यांत त्यांचे नाव घेतले गेले. फुटबॉलच्या सन्मानमंदिरात तर १९५१ मध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी त्यांना स्थान मिळाले होते.

त्यांच्या वैभवाचा माथा म्हणजे १९०५ हे वर्ष होय. ३० नोव्हेंबरला शिकागोची गाठ मिशिगन विद्यापीठाशी पडली. मिशिगनचा संघ ५६ सामने अपराजित होता. संपूर्ण सामन्यात एकच घटना घडली. मिशिगनच्या एका खेळाडूला त्याच्याच सीमारेषेमागे लोटण्यात आले आणि त्या दोन गुणांनी शिकागोने सामना २-० असा जिंकला. शहर आनंदाने वेडे झाले. वृत्तपत्रांनी त्या पराभूत खेळाडूला दोषी ठरविले. १९३२ मध्ये त्याने आत्महत्या केली तेव्हा सर्वांना पुन्हा त्याच सामन्याची आठवण झाली. विशी-बाविशीच्या मुलांच्या खेळावर समाज किती भार टाकू लागला होता, याचे हे विदारक उदाहरण आहे.

त्याच हंगामात देशभरातील मैदानांवर डझनाहून अधिक तरुण दगावले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण केले आणि १९०६ मध्ये नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. त्यामुळे माणसांच्या भिंती एकमेकींवर आदळण्याचा प्रकार कमी होऊ लागला. नियम समितीवर स्टॅग होतेच. पश्चिमेकडील विद्यापीठांच्या संघटनेने तर आणखी पुढे जाऊन सामन्यांची संख्या पाचांवर आणली आणि प्रशिक्षकाची नेमणूक इतर अध्यापकांप्रमाणे, माफक वेतनावर व्हावी असा ठराव केला. शिकागोतील अपवाद हा असा सर्वांचा नियम झाला. मिशिगनला हे निर्बंध मानवले नाहीत व ते संघटनेतून काही वर्षे बाहेर पडले.

येथवरची कथा एका आदर्शाच्या विजयाची वाटेल. परंतु तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. स्टॅग यांच्या विभागाला जे स्वातंत्र्य हार्पर यांनी दिले, त्यात सामन्यांच्या तिकीटविक्रीचा पैसाही होता. तो विद्यापीठाच्या सर्वसाधारण हिशेबात न पडता स्टॅग यांच्या हाती राहत असे व ते थेट अध्यक्षांनाच जबाबदार असत. मैदान वाढले, बैठकी वाढल्या, शाळकरी खेळाडूंना विद्यापीठाकडे ओढून आणण्याची चढाओढ लागली. १९०५ च्या विजयाचा नायक वॉल्टर एकर्सॉल हा खेळाडू विद्यापीठाची पदवी न घेताच बाहेर पडला. पैशासाठी खेळणे ज्यांना अधःपात वाटे, त्यांच्याच व्यवस्थेतून महाविद्यालयीन खेळाचा बाजार उभा राहिला. रॉबिन लेस्टर या इतिहासकाराने १९९५ मधील आपल्या ग्रंथात या उदयास्ताची साधार चिकित्सा केली आहे.

स्टॅग ढोंगी होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांनी स्वतःसाठी संपत्ती जमविली नाही. मैदानावर येणारा पैसा म्हणजे अधिक मुलांना व्यायाम, अधिक मुलांवर संस्कार, असे ते मनापासून मानीत. त्यांचा दोष इतकाच, की आपला हेतू शुद्ध आहे म्हणजे साधनही शुद्धच राहील, असे त्यांनी गृहीत धरले. सद्हेतू असलेल्या संस्थापकांच्या बाबतीत हा दोष वारंवार आढळतो, आणि त्याची किंमत संस्थापकालाच मोजावी लागते.

१९२४ नंतर शिकागोला संघटनेचे विजेतेपद मिळाले नाही. विद्यापीठाचा अभ्यासक्रम कठीण होत चालला व चांगले खेळाडू मोठमोठ्या राज्य विद्यापीठांकडे वळू लागले. १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स हे अवघ्या तिशीचे गृहस्थ अध्यक्ष झाले. विद्यापीठाचे काम बुद्धीची मशागत करणे हे आहे, मनोरंजनाचे खेळ भरविणे हे नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते. सत्तराव्या वर्षी निवृत्ती हा नियम त्यांनी स्टॅग यांना लागू केला. १९३२ च्या हंगामानंतर, एकेचाळीस वर्षांच्या सेवेअंती स्टॅग यांना मैदान सोडावे लागले. सल्लागाराचे मानाचे पद देऊ केले होते. पण ज्याच्या अंगात अजून काम करण्याची धमक आहे त्याने शोभेची खुर्ची घेऊ नये, या भावनेने त्यांनी ते नाकारले.

सत्तरीनंतर कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा महाविद्यालयात ते १९३३ मध्ये रुजू झाले. १९३८ च्या नोव्हेंबरात या लहान महाविद्यालयाचा संघ घेऊन ते शिकागोला आले आणि आपल्याच नावाच्या मैदानावर आपल्याच जुन्या विद्यापीठाला त्यांनी ३२-० असे पराभूत केले. सूडाचे समाधान त्यांना झाले असेल असे मानण्यास त्यांच्या स्वभावात आधार नाही. उलट, आपण लावलेले झाड असे वठलेले पाहून त्यांना क्लेशच झाले असावेत. पुढच्या हंगामात मिशिगनने शिकागोवर ८५-० अशी मात केली आणि डिसेंबर १९३९ मध्ये विद्यापीठाने फुटबॉल बंदच करून टाकला.

ओस पडलेल्या त्या मैदानाच्या पश्चिमेकडील बैठकींखाली रॅकेटने खेळावयाच्या एका खेळाची बंदिस्त जागा होती. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ग्रॅफाइट व युरेनियम यांची रास रचून जगातील पहिली नियंत्रित, स्वयंचलित अणुशृंखला-प्रक्रिया घडवून आणली. आज त्या परिसरात विद्यापीठाचे भव्य ग्रंथालय आहे आणि त्या ऐतिहासिक जागी हेन्री मूर यांचे, १९६७ मध्ये अनावरण झालेले शिल्प आहे. मैदानाच्या जागी ग्रंथालय आले, यात हचिन्स यांच्या विचाराचा विजय दिसतो. पण मधल्या काळात 'बुद्धीच्या मशागती'ने त्याच जागी जे पेरले, त्याचे पीक हिरोशिमात आले, हेही विसरता येत नाही. शरीर आणि बुद्धी यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याची घाई करू नये, एवढे तरी त्यावरून शिकता येते.

स्टॅग मात्र शिकवीतच होते. १९४३ मध्ये, ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, देशातील प्रशिक्षकांनी त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले. १९४६ नंतर पॅसिफिकनेही सौम्य शब्दांत विश्रांती सुचविली, तेव्हा ते पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना विद्यापीठात आपल्या मुलाच्या जोडीने काम करू लागले. बापलेकांच्या संघाने १९५१ चा हंगाम अपराजित राखला. पुढे स्टॉक्टनला परतल्यावर नव्वदी उलटलेला हा वृद्ध एका स्थानिक महाविद्यालयातील मुलांना चेंडू लाथाडण्याचे तंत्र दाखवीत असे. १७ मार्च १९६५ रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावरील ३१४ विजयांचा विक्रम १९८१ मध्ये बेअर ब्रायंट यांनी मोडला.

पण विक्रम हा अशा माणसाला मोजण्याचा गज नव्हे. आपल्याकडेही त्याच काळात खेळांना नियमांच्या चौकटीत बसविण्याचे प्रयत्न चालू होते. वडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम ठरवून स्पर्धा भरविल्या. स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि बास्केटबॉलसारखे खेळ शिकविणाऱ्यांच्या पिढ्या तेथून देशभर गेल्या. आपल्या शाळांच्या पटांगणात खांबाला लोखंडी कडे दिसते, त्याचे मूळ असे स्टॅग ज्या सामन्यात खेळले तेथवर जाऊन पोचते. परंतु आपल्या पी. टी. च्या मास्तरांना आपण अध्यापकवर्गाच्या कोणत्या टोकाला बसविले, हे प्रत्येकाने आपली शाळा आठवून पाहावे. पावसाळ्यात त्यांचा तास गणिताला द्यावयाचा आणि परीक्षा जवळ आली की इंग्रजीला, हा अनुभव इंदूरपासून बेळगावपर्यंत कोणाला नाही?

शिकागोने दोन टोके पाहिली. प्रथम खेळाच्या शिक्षकाला प्राध्यापक केले, पण त्याच्या हिशेबाकडे पाहिले नाही. नंतर हिशेबाचा वीट आला तेव्हा खेळच बंद केला. तिसरा मार्ग सापडण्यास वेळ लागला. १९६९ मध्ये तेथे फुटबॉल परत आला तो लहान प्रमाणावर, विद्यार्थ्यांचा खेळ म्हणून. ज्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही, त्या विभागातील महाविद्यालयांचा अंतिम सामना १९७३ पासून स्टॅग यांच्या नावाने ओळखला जातो. मोठ्या बाजाराने नव्हे, तर साध्या, हौशी खेळाने त्यांचे नाव जपले, यात काळाचा न्याय आहे असे आम्ही मानतो. व्यासपीठावर बोलू न शकलेल्या त्या माणसाला जे सांगावयाचे होते, ते बहुधा एवढेच होते.